डोक्याला टॉवेल बांधलेला ऑक्टोपस

सून माझी ओसाकाची. मासा नीट चिरता येत नाही, ऑक्टोपसला मीठ चोळ म्हटलं तर तान्ह्या बाळाला तेल लावावं तसं हळुवार चोळते, आणि भाताचं पाणी तर लग्न झाल्यापासून एकदाही बरोबर पडलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी तिचं कौतुक करायला लागले की म्हातारीचं डोकं फिरलं असं कुणाला वाटायला नको.

चिहाया तिचं नाव. मी सुगिए. आमची वाडी तोबिउरा, बेटाच्या दक्षिणेला, डोंगर आणि पाणी यांच्या मध्ये कशीबशी मावलेली. गेल्या वर्षी आमच्या घराकडे गटप्रमुखपण आलं. ते काही कुणी मागून घेत नाही, आळीपाळीनं येतंच. गटप्रमुखाचं मुख्य काम म्हणजे फिरती पाटी काढणं. गवत कधी कापायचं, त्सुनामीची कवायत कधी, बोटीची वेळ बदलली का, हे सगळं कागदावर लिहायचं, पाटीला अडकवायचं आणि शेजारच्या घरी द्यायचं. त्यांनी वाचून शिक्का मारायचा आणि पुढच्या घरी पोचवायचं. वाचून म्हणजे काय, आमच्याकडे सगळे शिक्का मारायचे आणि पुढे ढकलायचे. मीही जन्मभर तेच केलं.

माझे डोळे आता बारीक अक्षराला दाद देत नाहीत, म्हणून कागद लिहायचं काम सुनेला दिलं. ती लग्नाआधी ओसाकाला दुकानांची जाहिरातपत्रकं काढायची, तेव्हा अक्षर छान.

"आई, खाली निम्मा कागद रिकामा राहतोय," ती म्हणाली.

"राहू दे की. रिकाम्या कागदाला काय दात आहेत चावायला?"

ती हसली आणि काही बोलली नाही. ती काही बोलली नाही की समजायचं, हिनं ठरवलंय.

दुसऱ्या दिवशी बघते तर सूचनांच्या खाली चार चौकटी. पहिलीत एक ऑक्टोपस, डोक्याला पिळलेला टॉवेल, हातात भाजीची पिशवी. आमच्याकडे शाळेतली पोरंसुद्धा ऑक्टोपस काढायचा म्हटलं की असा टॉवेल बांधूनच काढतात, त्यात विशेष काही नाही. दुसरीत त्याचं घर, म्हणजे मडकं. तिसरीत तो आत डोकावतो आणि आतून नळकांड्यांचा ढीग धाडकन त्याच्या अंगावर. चौथीत तो बिचारा बाहेर वाळूत बसून म्हणतोय, "घर माझं, भाजी माझी, आणि आत राहतंय कोण?"

मला हसू आलं नाही. कारण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतंच. आमच्या खाडीत कुरामित्सुचे कालवांचे तराफे आहेत. तारेत शिंपले ओवायचे, दोन शिंपल्यांच्या मध्ये प्लास्टिकचं बोटाएवढं नळकांडं घालायचं, की कालवं एकमेकांना चिकटत नाहीत आणि चांगली पोसतात. पण वादळात तार तुटली की ती सगळी नळकांडी सुटतात आणि येतात कुठे, तर माझ्या किनाऱ्यावर. माझा धंदा मडक्यांचा. म्हणजे नवऱ्याचा होता, तो गेल्यावर माझा. दोराला मडकी बांधून तळाला सोडायची, ऑक्टोपसला वाटतं आयतं घर मिळालं, तो आत जाऊन बसतो, आणि आपण दोर ओढायचा. हल्ली दोर ओढावा तर मडक्यात ऑक्टोपस नाही, नळकांडी! वाळूत तीच, झुडपांत तीच, माझ्या होडीच्या तळाशीही तीच.

मी काय गप्प बसणाऱ्यांतली आहे का? रोज सकाळी किनाऱ्यावर उभी राहून तराफ्यांकडे तोंड करून मी ओरडायचे. पण तराफ्यांवर माझाच मुलगा तात्सुओ कामाला. तो मान खाली घालून काम करायचा आणि बाकीचे म्हणायचे, सुगिएआजीची सकाळची प्रार्थना सुरू झाली. इतकी वर्षं ओरडून माझा घसा तेवढा बसला.

तर पाटी गेली. एरवी ती एकेका घरात आठवडा आठवडा पडून असायची, कुणाच्या फ्रिजवर, कुणाच्या चपलांच्या कपाटावर. या खेपेला भराभर फिरून परत आली आणि मागोमाग शेजारीण दारात. "पुढचा ऑक्टोपस कधी?" मी म्हटलं, "अगं, पुढची त्सुनामीची कवायत कधी ते विचार!" ती म्हणाली, "ती शनिवारी आहे. ऑक्टोपससाठी कागद वाचला ना, तेव्हा तेही वाचलं."

दुसरा भाग आला, तिसरा आला. तिसऱ्यात ऑक्टोपस किनाऱ्यावर आठही हातांनी नळकांडी वेचतोय आणि मोठ्ठा आ करून ओरडतोय, "सगळ्यांच्या हाताला लकवा भरलाय का? हात आठ, पण कामाला मी एकटाच जीव!"

पाटी सगळीकडे फिरून परत आली तेव्हा मी तो बघितला. चष्मा काढला, पुसला, परत लावला. अगं बाई! ते लकव्याचं वाक्य तर माझं. किनाऱ्यावर मी म्हटलेलं, शब्दाला शब्द. आणि तो उघडा जबडा बघितला तर वरच्या रांगेत डावीकडचा एक दात नाही.

आता हे नाजूक आहे. माझा तिथला दात पडला त्याला झाली काही वर्षं. तेव्हापासून मी चारचौघांत तोंडावर हात धरूनच हसते. वाडीत कुणालाही माहीत नाही. तरुणपणी देवळाच्या उत्सवात नाचायला पुढच्या रांगेत असायची मी, सांगते काय! घरातल्या माणसांना तेवढं ठाऊक. आणि या बयेनं तो दात काढून, म्हणजे न काढून, सगळ्या वाडीत फिरवला!

मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. मिसोच्या सुपात मीठ जास्त पडलं ते चुकून नव्हे. तिला कळलं सगळं. तिसऱ्या दिवशी भांडी घासता घासता हळूच म्हणाली, "आई, तुम्हाला आवडलं नसेल तर दात बसवते मी त्याला."

"कुणाला? मला काय त्याचं? ऑक्टोपसला दात असोत नाहीतर शिंगं."

आणि काय सांगू, दात तिनं बसवला नाही आणि मीही पुन्हा विषय काढला नाही. कारण तोवर किनाऱ्यावर एक टोपली आली होती. कुणी ठेवली माहीत नाही. समोर जुन्या फळीवर खडूनं लिहिलेलं, "हात आठ नसले तरी चालतील." लोक कुत्र्याला फिरवायला जायचे आणि येताना मूठभर नळकांडी टोपलीत टाकायचे. पोरं शाळेतून येताना टाकायची. एक टोपली भरली, दोन झाल्या. मी आपली मडकी खरवडत बसायचे आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचे. ऊर असा भरून यायचा की मडकं हातातून सुटायचं. पण तो ऑक्टोपस मी, हे मात्र कुणाला कळू दिलं नाही. माझ्या म्हातारपणाची तेवढी तरी लाज राखायला हवी ना.

घात झाला तो तिथेच. लोकांना ऑक्टोपस कोण हे ओळखायचं होतंच. टॉवेल, वर गुळगुळीत गोल डोकं, आणि सारखा आवाज चढवून बोलणारा. तो कोण? तर कुरामित्सु! कुरामित्सु गेन्झो म्हणजे तराफ्यांचा मालक आणि वाडीचा अध्यक्ष. डोक्यावर एक केस नाही, बारा महिने टॉवेल बांधलेला, आणि बोलायला लागला की पलीकडच्या बेटावर ऐकू जावं. तराफ्यांवरची पोरं त्याच्या मागे त्याला "ऑक्टोपस" म्हणायला लागली आणि एक दिवस त्यानं ते ऐकलं.

त्या दिवशी तात्सुओ घरी आला तो जेवायला बसेना.

"काय झालं?" चिहायानं विचारलं.

"कुरामित्सुसान चिडलेत. म्हणतात, माझ्या टकलाची टिंगल सगळ्या वाडीच्या पाटीवर, तीही माझ्याच माणसाच्या बायकोनं करायची? वार्षिक सभेत सगळ्यांसमोर माफी मागायची आणि चित्रं बंद. नाहीतर..." तो थांबला. "नाहीतर पुढच्या हंगामाचं बघू, म्हणाले."

आता तात्सुओचं काम गेलं तर आमच्या वाडीत दुसरं काम आहे कुठे? माझ्या मडक्यांवर एक म्हातारी जगते, तीही अर्धपोटी. काम गेलं तर ही दोघं ओसाकाला जाणार हे सांगायला कुणी ज्योतिषी नको.

"पण मी त्यांना काढलंच नाही," चिहाया म्हणाली.

"मग कुणाला काढलंस?"

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मीही वाटीत बघत बसले. शेवटी ती म्हणाली, "कुणालाच नाही. ऑक्टोपस आहे तो नुसता. मी मागेन माफी."

पोरीनं माझं नाव घेतलं नाही. एक शब्द बोलली असती तर सुटली असती. सकाळी उठून बघते तर तिची पेनं आणि शाई बिस्किटांच्या डब्यात भरलेली, डब्याला सुतळी बांधलेली आणि डबा कपाटावर, पार मागे. मला ते बघवेना. मी चहा तसाच ठेवून किनाऱ्यावर गेले आणि त्या दिवशी कुणावरही ओरडले नाही.

सभा रविवारी दुपारी होती, वाडीच्या सभागृहात. चटया अंथरलेल्या, मध्ये संत्र्यांच्या परड्या, चहाची किटली. सगळी घरं हजर, कारण माफीची बातमी पाटीपेक्षाही वेगानं फिरली होती. कुरामित्सु समोर बसलेला, टॉवेल काढून घडी करून मांडीवर ठेवलेला, डोकं चकाकतंय. शेजारी त्याची बायको फुसाको.

हिशेब वाचून झाला, मग त्यानं घसा साफ केला. "पाटी ही सूचनांसाठी असते. तिच्यावर कुणाची टवाळी होऊ नये. टक्कल ही काही कुणाच्या हातची गोष्ट नाही."

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकल्याचं नाटक केलं.

चिहाया पुढे सरकली. दोन्ही हात चटईवर टेकले आणि कपाळ खाली नेलं. "माझ्या चित्रांमुळे अध्यक्षांना त्रास झाला, त्याबद्दल मी..."

"चिहाया, डोकं वर कर."

मी केव्हा उभी राहिले ते मलाच कळलं नाही. गुडघे कटकन वाजले, तेवढं कळलं.

"आई, राहू द्या ना," ती खालूनच पुटपुटली.

"वर कर म्हणते ना! चूक नसताना चटईला नाक लावायचं नाही. आमच्या घरात ती पद्धत नाही." मग मी कुरामित्सुकडे वळले. "अध्यक्ष, त्या ऑक्टोपसचे दात बघितलेत?"

"दात? ऑक्टोपसला कसले दात?"

"तेच विचारतेय. ऑक्टोपसला दात नसतात. या ऑक्टोपसला आहेत, आणि वरचा डावीकडचा एक नाही. आता तुमचे दाखवा बघू."

तो गोंधळला. पण अख्खी सभा त्याच्या तोंडाकडे बघायला लागल्यावर काय करणार? त्यानं तोंड उघडलं. गेल्याच वर्षी बसवलेली कवळी, टाइल्स लावल्यासारखी पांढरीशुभ्र, एकही कमी नाही.

मी तोंडावरचा हात खाली घेतला. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप परत वर जायला बघत होता, म्हणून मी तो पाठीमागे धरला. आणि आ केला. चांगला मोठ्ठा, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सगळ्यांना दिसेल असा.

"तो ऑक्टोपस मी आहे," मी म्हटलं.

सगळ्या माना माझ्या तोंडाकडे वळल्या. मग शेजारीण ओरडली, "अगं बाई, खरंच की! हाताला लकवा भरलाय का, हे ही रोज म्हणते!" आणि मग जो हशा उठला! संत्री घरंगळली. तात्सुओ तोंड लपवून रडतोय का हसतोय कळेना.

पण माझं संपलं नव्हतं. तोंड एकदा उघडलं की मी अशी तशी मिटत नाही.

"हसा, हसा," मी म्हटलं. "पण ऐका. मी किती वर्षं त्या किनाऱ्यावर घसा फोडतेय? कुणी एक नळकांडं उचललं? म्हातारीची बडबड म्हणालात. या पोरीनं तेच शब्द चार चौकटींत घातले, मला आठ हात दिले, आणि तुम्ही टोपल्या घेऊन किनाऱ्यावर आलात. माझ्या तोंडानं जे झालं नाही ते हिच्या हातानं झालं. आणि हिनं माफी मागायची? हिच्यासारखी सून या बेटावर दुसऱ्या कुणाकडे असेल तर आणा, मी आत्ता तिच्या पाया पडते!"

हे मी बोलले. सगळ्यांसमोर. चिहायानं डोकं वर केलं होतं आणि तिचे डोळे असे वाहत होते की मला दुसरीकडे बघावं लागलं.

कुरामित्सुनं घडी केलेला टॉवेल उलगडला आणि परत घडी केला. "म्हणजे... मी नाहीच त्यात?"

"अहो, मी सगळे भाग फ्रिजवर लावलेत!" फुसाको म्हणाली. "मला वाटलं तुम्हीच. पाहुण्यांना दाखवते मी."

"एकाही चौकटीत नाही?" त्यानं पुन्हा विचारलं. आणि खरं सांगते, त्याच्या आवाजात राग नव्हता. उत्सवात आपल्याला पालखीला खांदा द्यायला बोलावलं नाही असं कळलेल्या माणसाचा आवाज होता तो.

आम्ही दोघं एका वर्गात होतो, एका बाकावर. म्हणून मग माझी भाषाही घसरली. "नाहीस, गेन्झो. एकाही चौकटीत नाहीस. नळकांडी तुझी, पण तू किनाऱ्यावर कधी आलास का, तुला काढायला?"

या वेळी कुणी हसलं नाही. फुसाकोनं मान खाली घातली. कुरामित्सु कागद उचलून म्हणाला, "पुढचा विषय. गवतकापणी."

मला वाटलं, झालं, गेलं पोराचं काम. आम्ही तिघं घरी निघालो. पश्चात्ताप मात्र औषधालासुद्धा नव्हता. उलट दात नसलेल्या जागेतून वारा छान आत जात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मडकी घेऊन उतरले तर किनाऱ्यावर रबरी बूट घातलेली माणसं. तराफ्यांवरची सगळी पोरं, त्यांत माझा तात्सुओ, आणि मध्ये टॉवेल बांधलेलं ते डोकं. कुरामित्सुनं वाकून एक नळकांडं उचललं, वाळू झटकली, डोळ्याजवळ नेऊन बघितलं. मग झुडपांकडे बघितलं, माझ्या होडीकडे बघितलं.

"एवढी असतील असं वाटलं नव्हतं गं," तो म्हणाला.

"तराफ्यावरून दिसत नाहीत."

तो वेचत राहिला. थोड्या वेळानं पाठ धरून उभा राहिला. "तारेच्या दोन्ही टोकांना अडकण घालायला हवं. तार तुटली तरी मग सगळी एकदम सुटायची नाहीत. पुढच्या हंगामात बसवून बघू. तात्सुओला सांगतो, त्याच्या गाठी चांगल्या असतात."

पुढच्या हंगामात, म्हणाला. तात्सुओला, म्हणाला. माझा जीव भांड्यात पडला, पण त्याला कशाला दाखवू? "एवढं सुचायला तुला ऑक्टोपस व्हावं लागलं," मी म्हटलं.

"झालोच कुठे," तो फुरंगटून म्हणाला.

चिहाया वर रस्त्यावर टोपली घेऊन उभी होती. तो चढून तिच्यापाशी गेला आणि समुद्राकडे बघत म्हणाला, "चित्रं थांबवायची काही गरज नाही. आणि पुढेमागे कधी मला काढलंसच, तर पोट जरा आत घे."

त्या दुपारी बिस्किटांचा डबा कपाटावरून खाली आला. सुतळीची गाठ मीच सोडली.

नवी पाटी निघाली ती आधी मी वाचली. टॉवेल बांधलेला ऑक्टोपस किनाऱ्यावर वेचतोय. तिसऱ्या चौकटीत डोंगराकडून दुसरा एक टॉवेलवाला येतो, टकल्या, पोट आत घेतलेला, माणूस. चौथीत ऑक्टोपस त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळतोय आणि म्हणतोय, "दोनच हात? चालतील. लागा कामाला." तोंड चांगलं उघडं, आणि दात तिथला नाही तो नाहीच. मी शिक्का काढला आणि जरा जोरातच मारला.

हल्ली बोटीवर पलीकडच्या बेटाची माणसं भेटतात, विचारतात, ऑक्टोपस आजी त्या तुम्हीच का? मी तोंडावर हात न धरता हसते आणि सांगते, हो, आणि काढलंय माझ्या सुनेनं.

घरात मात्र तोंड उघडत नाही. सभेत एकदा बोलले तेवढं पुरे, रोज रोज कौतुक केलं तर सून शेफारते. पण त्या पाटीच्या दिवशी जेवताना तिनं नेहमीसारखं भीत भीत विचारलं, "आई, भाताला पाणी बरोबर पडलंय का आज?"

भाताचा नुसता लगदा झाला होता.

"बरोबर पडलंय," मी म्हटलं, आणि वाटी पुढे केली. "अजून वाढ."